माझ्या ऑपरेशनाचे थकलेले हप्ते

जीवराम, माझं ऑपरेशन झालेलं नाही. पोटाचं नाही, हृदयाचं नाही, कशाचंच नाही. गावभर सांगायच्या आधी निदान पेशंटला तरी विचारायचं.

आता रीतीचं लिहिते. चि. जीवराम यास रावेरहून थोरल्या अक्काचा आशीर्वाद. इकडे माणसं बरी, केळी बरी. तुझी तब्येत ठणठणीत असणारच, कारण घरातलं सगळं आजारपण तू माझ्या नावावर करून टाकलं आहेस. फोनच केला असता, पण पैशाचं निघालं की तुमच्या धुळ्यात रेंज जाते, म्हणून चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने कागद भरते आहे.

झालं असं की म्हैस विकल्याचे पन्नास हजार माझ्या डब्यात होते. आमचा तेजस (नातू, जळगावला कॉम्प्युटरसमोर बसतो, उठताना कुणी पाहिला नाही) म्हणाला, आजी, डब्यात पैसे झोपा काढतात, त्यांना कामाला लावू. मोबाईलात एक कंपनी आहे, ती आपल्यासारख्यांचे पैसे गरजू माणसाला थेट व्याजाने देते, मध्ये बँक नाही. मी विचारलं, जामीन कोण? म्हणे, लागत नाही. माणूस ओळखीचा? म्हणे, नाही, हीच तर गंमत. (इथल्या सोसायटीत खताच्या कर्जाला दोन जामीनदार धरून न्यावे लागतात, आणि तेही चहा पाजून.) पैसे बुडाले तर कंपनी जबाबदार नाही, हे खाली बारीक अक्षरात होतं म्हणे. माझ्या उजव्या डोळ्याला हल्ली तेजससुद्धा धुरकट दिसतो, तिथे अक्षरांची काय कथा.

दिवाळीनंतर तू आमच्या ओट्यावर बसून उसने मागितलेस, तेव्हा माझ्याकडे दमडी नाही असं मी म्हटलं होतं. खोटं नव्हतं. दमडी मोबाईलात होती.

परवाच्या रविवारी तेजस तोंड पाडून आला. कुणा एकाचे तीन हप्ते थकलेत म्हणाला. कर्ज कशासाठी काढलं होतं, मी विचारलं. त्याने वाचून दाखवलं : बहिणीचं ऑपरेशन. जीवराम, माझं मन द्रवलं (वर्षातून एकदा द्रवतं, यंदाचं असं वाया गेलं). म्हटलं, राहू दे रे, बहिणीसाठी कर्ज काढणारा माणूस आहे, त्याच्या मागे लागू नका. सुनेला हाक मारून ऐकवलंसुद्धा, की बघ, असेही भाऊ असतात, नाहीतर आमचा. मग तेजसने नाव वाचलं. गाव धुळे, धंदा भांड्यांचं दुकान. तुला बहीण एकच, आणि ती तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होती.

पैसे कुठे गेले ते विचारत नाही, मी तिथेच होते. तुझ्या पियुषच्या हळदीला तू डीजेच्या दोन गाड्या लावल्यास. मला हाताला धरून मध्ये ओढलंस आणि म्हणालास, "अक्का, नाच, आज बठ्ठा खर्च मना शे." सगळा खर्च तुझा म्हणे. आणि मी, ऑपरेशनची बाई, तासभर नाचले. आहेरात साडी दिलीस, तिचा रंग पहिल्या धुण्यात गेला. तीही माझ्याच पैशांची, आणि व्याजावर.

आता भावाकडून व्याज खाल्लं म्हणून माहेरची माणसं मला नावं ठेवतील, आणि सोडून द्यावं तर माझी म्हैस गेली. म्हणून स्पष्ट लिहिते : हप्ते भर. नावं ठेवणाऱ्यांचं मी बघून घेईन.

तुझी अक्का,
कमलबाई (प्रकृती उत्तम)

ता. क. तेजस आत्ता सांगतो की कंपनी एकाचे पैसे शंभर जणांत वाटून टाकते. तुझ्या कर्जात माझे फक्त पाचशे आहेत. बाकीचे कोल्हापूर-नांदेडकडच्या लोकांचे. म्हणजे माझ्या आजारपणाला परकी माणसं धावली, आणि सख्ख्या भावाने डीजे लावला.

आणखी एक ता. क. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतो, आता काढायलाच हवा. इथे कुणाला बोलले नाही. केळी कापणीला आली आहेत, प्रत्येक जण घाईत आहे. आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला येशील, तेव्हा सरळ धुळ्याच्या दवाखान्यात ने. बठ्ठा खर्च तुझा. म्हणजे कंपनीला लिहून दिलंस ते खरं तरी होईल, आणि मी तोंड उघडणार नाही. हप्ते तरीही भरायचे, त्या कोल्हापूरकरांनी तुझं काय घोडं मारलंय?

उत्तर दिपमालाने लिहावं. बायकोला हे पत्र दाखवावं लागेल, त्याला इलाज नाही. तू लिहू नकोस. तुझ्या लिहिण्यावर लोक पैसे देतात.