चंचलनं चोरून खाल्लं नाही

भेस्तान, सुरत
जून १९९८

जावईबापू गोपालराव यांना,

पोट लहान करायच्या ऑपरेशननंतर चंचलनं चोरून खाल्लं, म्हणून आतले टाके उसवून ती गेली, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. तिनं चोरून काही खाल्लं नाही. मी भरवलं.

ऑपरेशनआधी माझी लेक महिनाभर मुगाच्या पाण्यावर राहिली. दवाखान्यातून घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी आखाजी आली, अक्षय तृतीया, तिच्या वारलेल्या बापाला घास ठेवायचा दिवस. पंधरा दिवस फक्त पातळ, हा डॉक्टरांचा कागद मीच तिला वाचून दाखवला होता. तरी माहेरी आलेली लेक आखाजीला उपाशी कशी ठेवायची, म्हणून मी पुरणपोळी दुधात कुस्करली.

"माय, डॉक्टर रागावतील."

"डॉक्टरला काय कळते आखाजी? बापाच्या नावाचे दोन घास खाय."

माझं मन राखायला तिनं चार खाल्ले.

हे कळलं तर तुम्ही हर्षदाला माझ्याकडे पाठवणार नाही. नात रविवारी येते, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. म्हणून हे पत्र पेटीतच राहील.

परवा तिनं विचारलं, "आजी, मम्मी खादाड होती ना?"

मी "नाही" म्हणाले नाही.

चंचलची आई,
सरलाबाई