पोळ्याला उभा राहिलेला पारवा

मुक्काम धामणखेडी, तालुका मलकापूर
ऋषिपंचमी, सन १९६७

तीर्थस्वरूप शेषराव भाऊजी यांच्या पायांवर धाकटा मेहुणा कडूबा यानं डोकं ठेवलं आहे असं समजावं.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा, आक्काचा दमा आणि सुलतानपूरच्या तुमच्या शाळेचं गळकं छप्पर, तिन्ही आता बरे असतील अशी आशा करतो. तुमचं पत्र पोचलं. ‘ते भंगार मोडीत दे, सोयऱ्याधायऱ्यांत आमची मान खाली गेली’ हे वाक्य तुम्ही लाल शाईनं लिहिलंत (हेडमास्तराच्या हाताला दुसरी शाई लागत नाही, हे मी जाणतो). ते मी दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवलं. मान तुमची आहे, ती वर-खाली करायला तुम्ही मुखत्यार. पारवा मात्र मोडीत जाणार नाही. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण दौतीत शाई उरली आहे, म्हणून पोळ्याची हकीकतही लिहितो. ती तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेली बरी.

भंगार म्हणजे काय ते मी तुम्हाला शिकवणार नाही. आपल्या साऱ्या गोतात त्या विमानातून आकाशात गेलेला माणूस तुम्ही एकटे. चोपन्न साली तुमच्या संस्थेचे अध्यक्ष ऐनवेळी आजारी पडले, त्यांचं तिकीट तुमच्या पदरात पडलं आणि तुम्ही मुंबईचं शिक्षक अधिवेशन करून आलात. अजिंठ्याचे डोंगर बघायला तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वाऱ्यानं टोपी नेली, ही हकीकत आक्का आजही प्रत्येक हळदीकुंकवात सांगते. मी नागपूरच्या विमानतळावर अठरा वर्षं खलाशी होतो, पण जमिनीवरचा. चाकाखाली ठोकळे लावायचे, काचा पुसायच्या, सामान चढवायचं, ही माझी कामं. इंग्रजांनी त्या विमानाचं नाव डव्ह ठेवलं होतं, म्हणजे आपला पारवा, म्हणून मी त्याला पारवाच म्हणत आलो. दोन इंजिनं, आठ खुर्च्या. त्यानं वऱ्हाडातली संत्री नेली, मुंबईची वर्तमानपत्रं आणली, एकदा एक नवरदेव मुहूर्ताला पोचवला, आणि एकदा एका म्हाताऱ्या कापूस व्यापाऱ्याचं प्रेतही घरी आणलं. त्या दिवशी त्याच्या मुलानं उतरल्यावर पारव्याच्या पोटाला हात लावून नमस्कार केला होता. तुमच्या भाषेत ते भंगार.

मग नवीन मोठी विमानं आली. पारव्याची इंजिनं काढून नेली आणि धूड चार वर्षं गवतात पडून राहिलं. मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी रिवाजाप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. मी म्हणालो, घड्याळ राहू द्या, पारवा द्या. साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली, पण चिठ्ठी लिहून दिली. पंख सोडवून मालगाडीनं मलकापूर, आणि मलकापूरहून तीन दिवस बैलगाड्यांवर, असा पारवा गावी आला. गावच्या लोहाराला हाताशी धरून पंख मीच परत बसवले. (डावा जरा वर राहिला आहे. ही खोट तुम्ही काढण्याआधी मीच कबूल करतो.) टायरांत हवेऐवजी चिंध्या ठासल्या. एकच खोड राहिली. इंजिनं गेल्यामुळे नाक हलकं झालं आणि पारवा कुत्र्यासारखा शेपटावर बसू लागला. त्यावर मी उपाय काढला. नाकात सरकीची चार पोती भरली, की पारवा तीन चाकांवर सरळ उभा.

उभा राहिला तो गायरानात, आणि तिथंच माशी शिंकली. पारव्याच्या अंगातून वारं शिट्टी वाजवत जातं, त्यानं सरपंच उकंडरावांची म्हैस आटली म्हणे. (ती आटली कारण ती अकरा वर्षांची आहे.) उकंडरावांनी ठराव मांडला की पोळा झाल्यावर दुसऱ्या सोमवारपर्यंत मी विमान हलवावं, नाहीतर मलकापूरचा भंगारवाला कुऱ्हाडी घेऊन येईल. मी विचारलं, नियम कोणता? ते म्हणाले, “गायरान ढोराइसाठी हाय. हे ढोर हाय काय बे?” मी म्हणालो, “हाव, हाय.” सगळी चावडी हसली. मी हसलो नाही. चौदा वर्षं ज्यानं ओझं वाह्यलं त्याला ढोर म्हणायचं नाही तर कोणाला? शेवटी उकंडराव म्हणाले, “मंग पोयाले उभं कर तोरणाखाली. गावाच्या बैलाइसंगं पोया मिरवला, तं राहू दे तुह्यं ढोर गायरानात.” पाच पंचांसमोरचा शब्द आहे हा, भाऊजी.

मी सगळं रीतसर केलं. आदल्या संध्याकाळी पंखांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. नाकावर बाशिंग बांधलं, पाठीवर झूल म्हणून सोजराची दोन लुगडी टाकली. (सोजरा आमची मंडळी असून त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.) एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही आणि त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल. पारवा ओढायला मी सहा बैलजोड्या सांगून ठेवल्या होत्या. शेतकऱ्याचा मुलगा मी, पण अठरा वर्षं नागपुरात राहून विसरलो की पोळ्याच्या दिवशी कुणी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. सहदेव पहिलवानानं मला तोंडावर विचारलं, “आजच्या दिवशी बैल जुंपतं? नागपूरचं पाणी लागलं काय बे तुले?” मग त्यानंच दोर आपल्या खांद्यावर घेतला. म्हणाला, “बैलाइले सुट्टी हाय, आपल्याले नाही.” आणि चाळीस माणसं दोराला लागली. मारुतीच्या पारापर्यंतचा चढ त्यांनी पारव्याला वर नेला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तोरणासमोर पारवा बैलांच्या रांगेत उभा राहिला. मानाची जोडी उकंडरावांची, तोरण आधी तीच तोडणार; तिच्या डाव्या अंगाला पारवा. तेवढ्यात पोरंसोरं आणि दोन पंच शेपटाकडच्या दारानं आत चढले. आणि भाऊजी, पारव्याचं नाक हळूहळू आकाशाकडे जाऊ लागलं. कारण मला नंतर कळलं. सोजरानं सकाळीच नाकातल्या चारांपैकी दोन पोती काढून बैलांना घातली होती; उरलेल्या दोनांवर रिकामा पारवा कसाबसा तोललेला होता. “पोयाच्या दिवशी बैलाच्या तोंडची सरकी लोखंडाले कायले?” असं तिचं म्हणणं. नाक वर गेलं आणि तोरण तटकन तुटलं. मानाच्या जोडीआधी पोळा पारव्यानं फोडला. तोरण तुटलेलं पाहताच दोनशे बैल आपापल्या घरी उधळले, विमान उडालं म्हणत माणसं त्यांच्यामागे, आणि दोर धरणारे चाळीस जण सगळ्यांच्या पुढे. आतले लोक घाबरून उड्या टाकून उतरले, तसा पारवा पुन्हा तीन चाकांवर आला, आणि धरायला कुणी नाही म्हटल्यावर उताराला लागून मागच्या मागे निघून गेला.

उकंडराव आता म्हणतात, मान मोडला, शब्द संपला. मी म्हणतो, शब्द तोरणाखाली मिरवण्याचा होता, आधी की नंतर असं ठरलं नव्हतं. ते ऐकत नाहीत. न ऐकोत. बारा बैलांचं काम चाळीस माणसांनी ज्याच्यासाठी केलं त्याच्यावर कुऱ्हाड घालायची असेल तर आधी मी आडवा पडेन. मी कुणाच्या दारात हात पसरायला जाणार नाही, तुमच्याही नाही.

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
कडूबा

ता. क. पारवा मागे जात जात कुठं थांबला ते लिहायचं राहिलं. तो नाल्याकाठच्या तुमच्या शेतात थांबला. गुडघाभर कपाशीच्या नऊ ओळी गेल्या. बाकीच्या ओळींना काही झालेलं नाही. निंदणाऱ्या बाया दुपारी पंखाच्या सावलीत भाकरी खातात आणि तुमचं नाव काढतात.

दुसरं ता. क. शेत खाजगी असल्यानं तिथं पंचायतीचा ठराव चालत नाही, असं तलाठी म्हणतो. ‘विमान माझ्या संमतीनं माझ्या शेतात उभं आहे’ एवढ्या दोन ओळी पाठवाव्यात. लाल शाईनं चालतील. भंगारवाला सोमवारी येतो आहे.

तिसरं ता. क. चोपन्न सालच्या त्या परतीच्या फेरीनंतर चार नंबरची खुर्ची मीच पुसली होती. तिच्याखाली सापडलेली टोपी, जिच्यात तुम्ही अजिंठ्यापासून नागपूरपर्यंत काय काय केलंत ते मी लिहीत नाही, मी तीनदा धुऊन त्याच खुर्चीला अडकवून ठेवली आहे. आतल्या बाजूला तुमचं नाव अजून वाचता येतं. आक्काचं पत्र आलं आहे, दसऱ्याला ती तुमची खिडकी बघायला येते म्हणते. पारव्याच्या खिडक्या उघडत नाहीत, हे तिला मी अजून कळवलेलं नाही.