सारख्या केलेल्या ओळी

सरावली,
८ जुलै २०२५

ती. तात्यांस,
स्वराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही लावत नाही, म्हणून पुन्हा कागदच. आमच्या बोईसरच्या ऑफिसात महाभारत चालू आहे, तेही रिकाम्या जागेवरून! कारखान्यांतल्या टाक्या आणि पंप चालवणारे प्रोग्राम आम्ही पाच जण लिहितो. कुठली सूचना कुठल्या अटीखाली आहे ते दिसावं म्हणून ओळ थोडी आत सरकवायची असते. प्रीतम दोन घरं सरकवतो, मी चार, किंजल मनाला येईल तितकी. कंस कुठे टाकायचा यावरून तर प्रीतम परवा अर्धा डबा टाकून उठला. यंत्राला या सरकवण्याशी देणंघेणं नाही, पण माणसाला एकमेकांचं लिहिलेलं वाचता येईना. भगवंतसरांनी निवाडा माझ्यावर टाकलाय आणि माझी नोकरी अजून कच्ची. जीव थाऱ्यावर नाही. पुढच्या शनिवारी भातलावणीला येतेच.

तुमची माया आहेच, ती राहू द्या.
स्वरा

मासवण,
१२ जुलै

चि. स्वरा हिस,
तात्यांचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. दारात एक चप्पल उगवतीला आणि एक मावळतीला टाकणारी मुलगी आता लोकांच्या ओळी सरळ करणार! नियम कुणाचाही घे, प्रीतमचा घेतलास तरी नाक कापलं जात नाही. सगळ्यांचा एक असला म्हणजे झालं. पण माझी सवय तुला ठाऊक आहे. लावणी कितीही रांगेत होवो, नंतर मी बांधावरून फेरी मारतो. खेकड्याने भोक पाडलेलं असलं तर हिरव्यागार शेतातलं पाणी निघून जातं आणि वरून काही दिसत नाही.

नर्मदाकाकी रोज विचारते, पोरगी येनार हाय का नाय. तुझ्या भाग्येशदादाला तारापूरच्या कारखान्यातून सुट्टी नाही. तू तरी ये.

लोभ आहे, तो तुला मागावा लागत नाही.
तात्या

सरावली,
२२ जुलै

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

लावणीहून परतले ती संकटातच. तुमचं ऐकून नियम प्रीतमचेच घेतले होते. निघायच्या संध्याकाळी सगळ्या फाइली एका झटक्यात सारख्या करणारं साधन चालवलं आणि बस गाठली. त्यामुळे आता नोंदीत प्रत्येक ओळीपुढे, शेवटचा हात माझा म्हणून, माझं नाव आहे.

काल एका कारखान्यात आमच्या प्रोग्रामची चाचणी झाली. गरम पाण्याची टाकी भरून वाहिली, पण भोंगा वाजलाच नाही. तिथल्या ऑपरेटरने धावत जाऊन हाताने व्हॉल्व बंद केला म्हणून निभावलं. भोंग्याच्या सूचनेच्या आधी ‘इथूनच परत फिर’ अशी एक ओळ होती. टाकीची दुरुस्ती चालू असेल तेव्हाच ती लागू व्हायची, म्हणून अटीखाली आत सरकवलेली. पण अटीखालच्या ओळींना कंस घालायचा राहिला होता, आणि यंत्र फक्त कंस बघतं. यंत्र दरवेळी तिथूनच परत फिरलं, भोंग्यापर्यंत पोचलंच नाही. ओळ प्रीतमची आहे. जुनी नोंद उघडली की त्याचं नाव दिसेल. सर मात्र माझ्याकडे बोट दाखवतायत आणि प्रीतम मान वर करत नाही. मी काय करू?

उत्तराची वाट बघते. माझ्यावर राग धरू नका.
स्वरा

मासवण,
२५ जुलै

चि. स्वरा हिस,
अनेक आशीर्वाद.

यात विचारायचं काय? नाव सांगून मोकळी हो. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे माझ्या मुलीच्या बाबतीत मी चालू देणार नाही. त्या ऑपरेटरचं काही बरंवाईट झालं असतं तर? त्यालाही घरी आईबाप असतील.

काल भाग्येश येऊन गेला. उजव्या हाताला पट्टी. म्हणतो, चहा सांडला. एवढा घोडा झाला तरी चहा सांडतो! तुझा विषय काढला तर उठून विहिरीकडे गेला. तुमचं दोघांचं भांडण झालंय का? मला अलीकडे कुणी काही सांगत नाही.

तब्येतीला जप, आणि घाबरू नकोस.
तात्या

सरावली,
२९ जुलै

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

चहा नव्हता, तात्या. तो ऑपरेटर आपला दादाच. तुम्हाला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती, ती आज मोडते.

तुमचं पत्र घेऊनच सरांकडे निघाले होते, प्रीतमचं नाव सांगायला. जायच्या आधी फाइल उघडली. त्या साधनाने ती ओळ अटीखालून काढून बाहेर, कडेला आणून ठेवली होती. इतके दिवस लपलेली चूक आमच्या नियमाने उघडी पाडली होती. कुणीही नुसतं वाचलं असतं तरी दिसली असती. मी वाचलं नाही. मला बस गाठायची होती. सरांना दोन्ही सांगितलं, ओळ त्याची आणि फेरी मी मारली नाही. माझी नोकरी पक्की व्हायची लांबली. प्रीतम बाहेर येऊन म्हणाला, यापुढे माझं तू वाच, तुझं मी वाचतो. मला दादाच्या हाताकडे बघवत नाही.

रागवा, पण पत्र बंद करू नका.
स्वरा

मासवण,
२ ऑगस्ट

चि. स्वरा हिस,
अनेक आशीर्वाद.

राग आला, खूप आला. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही आणि बांधावरही गेलो नाही. आज गेलो तर खालच्या बांधाला भोक, अर्धं खाचर कोरडं. तुला द्यायला जमवलेल्या शिव्या तिथे उभं राहून मलाच द्याव्या लागल्या. भोक बुजवलं.

भाग्येशची पट्टी सुटली आहे, बोटं वळतात. पुढच्या रविवारी तो येतोय. प्रीतमलाही घेऊन ये, त्याने एकदा अर्धा डबा टाकलाय, तो इथे पुरा जेवेल. मग तिघं मिळून बांधावर जा, मी ओट्यावर बसून बघतो.

दारात चपला कशाही काढ, पण ये.
तात्या