खांबावरची खूण

पिंपळटोला, ता. ब्रह्मपुरी
१८ ऑक्टोबर

गोकुळाबाईले आशाचा नमस्कार.

तब्येत बरी असन. कुरखेड्याकडे धान चांगला आहे म्हणतात, इकडचा सडला. फोनवर तुम्ही मले बोलूच देत नाई. तुमचं सांगता अन् कापता. म्हून चिठ्ठी जीपवाल्याच्या हाती देऊन राह्यली. नातीकडून, दिव्यानीकडून वाचून घेजा.

परवा सरकारी माणसं आले होते, गावावर कोणकोणतं संकट येते ते लिहून न्याले. वीज पडते का, आग लागते का, वाघ येते का. भूकंपाचंही विचारलं. मी म्हटलं, तेवढा रायला, पाठवून द्या. मंग जुन्या पुराचं विचारलं, तं लोकायनं त्याईले आपल्याच घरी आणलं, खांब दाखवाले.

दुसरं कुठी नेतीन? सगळ्यात वर तुमच्या आजानं पाडलेली खूण, त्याच्याखाली तुमच्या बापाची, तुमच्या लग्नाच्या सालच्या पुराची. पूर उतरला का पाणी जिथवर चढलं तिथी घरातल्या मोठ्यानं विळ्यानं खाच पाडाची, वरून कुंकू लावाचं. त्याईच्यातल्या एका पोरीनं विचारलं, "यंदाची खूण कुठे आहे, काकू?"

मी म्हटलं, चहा घ्या अन् जा.

यंदाची नाई पाडली. तुमचा भाऊ असताना मी काऊन पाडू?

तुम्ही दर वेळी तेच म्हणता, "गोविंदाले एकटा सोडून तू नावेत बसलीच कशी?" आता ऐका. त्या दिवशी इथी थेंब नोता, ऊन पडलं होतं. पाणी वरच्या धरणाचं होतं. नाव दाराशी लागली, अन् तुमचा भाऊ जाळे घेऊन माळ्यावर चढला. माळा आजाच्या खुणेच्या वर. म्हणे, "ह्या खुणेवर पाणी येत नाई. तू जा, मी जाळे सांभाळतो." मी त्याचा सदरा धरला. म्हणे, "सोड, फाटन." नाववाले ओरडून राह्यले होते. अख्खं गाव ती खूण पाहूनच ठरवते, निघाचं का राह्याचं. तुम्ही असत्या तं तुम्हीही त्याले राह्य म्हटलं असतं. तुमच्याच आजाची खूण ना.

पाणी खुणेच्या वर गेलं. भिंत बसली, माळा वाहून गेला. जाळं बाभळीत अडकलेलं भेटलं. तो नाई भेटला.

त्याच्या नावानं पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळ अन् मोकळी हो, तुम्ही म्हटलं. मी तुम्हाले नको ते बोलली. मी अजून कुंकू लावते, बाया मागून बोलतात, बोलू द्या. मले वाटे, खूण पाडली का तो गेला. तो येऊन पाडन म्हून खांबावरची यंदाच्या पाण्याची गाळाची रेघ कोणाले पुसू नाई देली.

पण काल शेजारच्या मुखरूची नवी सून आली, बाहेरगावची. आजाच्या खुणेवर हात ठेवून विचारते, "लई झालं तं एवढंच येते ना पाणी, मामी?"

तिले काय सांगू? गाळ वाळून झडून राह्यला. अजून एक पाऊस आला का रेघ नाई उरन. मंग पुढच्या पुरात तीही त्याच खुणेच्या भरवशावर बसन, लेकरू घेऊन.

तं तुम्ही या. रेघ उंच आहे, माझा हात पुरत नाई. अन् घरात आता मोठ्या तुम्हीच रायल्या, खूण तुमच्याच हातची पाह्यजे. मी स्टूल धरते. विळ्याले धार लावून ठेवली. पुतळा दुसऱ्या दिवशी करू.

खुणेचं कुंकू माझ्या डबीतलं घेऊ. जाताना डबी तुम्ही घेऊन जाजा.

तुमच्या भावाची,
आशा