एसची जागा

कोल्हापूर

चि. अभिराम,
ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे मी ठणठणीत आहे आणि शिरोलीच्या कारखान्यात माझं वजन वाढलं आहे (काट्यावरचं नव्हे).

तुझ्या दाजींनी पंपाचे भाग बनवायचा कारखाना दोन्ही जावयांच्या स्वाधीन केला, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या गुरुवारी नव्या पाटीची पूजा होती. स्टीलची इंग्रजी अक्षरं, लखलखीत. मी हार घेऊन पुढे झाले, वर पाहिलं आणि थबकले. ह्यांच्या नावापुढे 'अँड सन-इन-लॉज'. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या नवऱ्याच्या दारावर.

मी म्हटलं, "एस चुकीच्या जागी आहे. हार घालणार नाही."

थोरले जावई यशराज म्हणाले, "आई, कळतंय की सगळ्यांना. कोण बघतंय एवढं?"

"मी बघतेय. जावई दोन झाले तर मुलगे दोन होतात, कायदा दोन होत नाही. सन्स-इन-लॉ."

"मुहूर्त चाललाय की, लीला," हे म्हणाले. गुरुजी घड्याळात बघू लागले, व्याही मंडळी चहाच्या कपात. (मैथिलीने डोळ्यांनी खूप विनवलं. मुलगी माझीच, पण कॉमर्सची.) मी ढिम्म. शेवटी धाकटे जावई दत्तप्रसाद मुकाट्याने शिडीवर चढले, नट सोडून एस काढला आणि 'सन'च्या शेजारी दाटीवाटीने बसवला. मुहूर्त टळला होता, गुरुजींनी दुसरा शोधून दिला.

दुपारी कागलचं मोठं गिऱ्हाईक आलं. हे त्यांना चहाआधी पाटीखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "पावणं, हितला एस बघा. अख्ख्या एमआयडीसीत बरोबर लिवलेली एवढीच पाटी हाय. आमच्या मंडळींचं काम हाय ते." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या इंग्रजीचं ह्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मी आत जाऊन डोळे पुसले.

तुझी,
लीलाताई

ता. क. दत्तप्रसादांना तुमच्या पुण्यात नोकरी मिळते आहे, कारखाना सोडायचं म्हणतात. ते तुझं ऐकतात, जरा भेटून समजाव. एकच जावई उरला तर एस कुठेही लावला तरी चूकच.

आणखी एक. नोकरी खरंच चांगली असेल तर पोराला अडवू नकोस. मात्र लगेच कळव. ह्यांनी कौतुकाच्या भरात काल एस वेल्डिंग करून टाकलाय.