वर्षभराची नळी

राजपालदादा,

आईला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात निघाले. मानेतली नळी काढून आज छातीत, कातडीखालून दुसरी घालणार आहेत. डायलिसिससाठी ती वर्षभर टिकते म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं, "पुढच्या महिन्यात भावाची किडनी बसवायचीय, मग एवढी टिकाऊ नळी कशाला?" त्यांनी वहिनीकडं बघितलं, अन् वहिनीनं मान खाली घातली. तवापासून तू माझ्याशी धड बोलंना झालास, जेवायलाबी मी उठल्यावरच बसतोस.

किडनी द्यायला तू नाही म्हणालास का? आईपाशी मी काही काढलेलं नाही. भ्याला असशील तर तसं सांग. मला राग येईल, रडूबी येईल, पण उगं आशेवर ठेवू नको.

डबा घेऊन वहिनीला धाडू नको. तूच ये.

श्रावस्ती