दोरीला बांधलेलं पुस्तक

तीर्थरूप काकांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे तो उभ्या उभ्याच घातला आहे, पण मनाने मी पूर्ण आडवी होते असं समजावं.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? काकूंच्या मागे स्वयंपाक स्वतःच करता आणि भाजीत मीठ दोनदा पडतं, असं कळलं. (ही बातमी कुणी दिली ते मी सांगणार नाही. शेजारीण मायाळू आहे, तिच्याशी भांडू नका.)

तुमचं कार्ड पोचलं. तीनच ओळी, आणि त्यातल्या दोन माझ्या पुस्तकाबद्दल: पुस्तक निघून वर्ष झालं, लोक वाचतात म्हणे, मग सख्ख्या काकाला एक प्रत फुकट पाठवायला काय झालं? प्रश्न रास्त आहे. पण काका, मी आता कुणालाही फुकट प्रत देत नाही. वडीलधाऱ्यांनाही नाही. तुमच्या कपाळावर आठी पडली असणार. ती तशीच राहू द्या, पण आधी हकीकत ऐका.

गेल्या महिन्यात मी दुसऱ्या पुस्तकाचं बाड घेऊन प्रकाशकांकडे गेले होते. प्रकाशक सज्जन आहेत, म्हणजे नकार देण्याआधी चहा पाजतात. चहा झाल्यावर त्यांनी मला गोदामात नेलं. तिथे माझ्या पहिल्या पुस्तकाच्या अडीचशे प्रती रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर एक मांजर तीन पिल्लांसह सुखाने नांदत होती. वर्षअखेरीपर्यंत हा ढीग हलला तर दुसरं पुस्तक छापू, नाहीतर बाड सांभाळून ठेवा, म्हणाले. मी म्हटलं, अहो, रस्त्यात लोक मला थांबवून पुस्तकाचं कौतुक करतात. त्यावर ते अगदी हळुवारपणे म्हणाले, की रस्त्यात थांबवणारे लोक वेगळे आणि दुकानात थांबणारे वेगळे. बाड परत आणताना मला रडू आलं. सहा वर्षं पहाटे उठून लिहिलंय हो ते. नंतर दिवसभर कचेरीत बसून लोकांच्या पाणी न येण्याच्या तक्रारी लिहून घ्यायच्या असतात, तेव्हा पहाटेशिवाय माझी अशी वेळच नाही.

अशात माझी दाढ ठणकायला लागली. दाढ ठणकली की आपल्या घराण्यात दादाच्या दवाखान्यात जायचं. तो घरच्यांना सगळ्यात शेवटी घेतो, पण पैसे घेत नाही. बाहेरच्या बाकांवर सात जण होते. तिघांचे गाल सुजलेले, एकाने तोंडात कापूस धरलेला, आणि मधोमध एक बाई तोंडाला रुमाल लावून खदखदून हसत होत्या. हातात माझं पुस्तक! काका, मी दाढ विसरले. जवळ जाऊन बघते तर पुस्तकाच्या कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली आणि सुतळीचं दुसरं टोक बाकाच्या पायाला बांधलेलं. (बँकेत पेन बांधतात तसं. तिथे निदान पैसे असतात.) नोंदणीच्या बाईंनी अभिमानाने माहिती पुरवली, की वर्षभरात सहाशे तरी पेशंटांनी ते वाचलं असेल. सहाशे वाचक, एक प्रत, आणि तीही मीच दादाला सप्रेम भेट दिलेली.

पुस्तक नीट न्याहाळलं तर सेहेचाळीस पानांपर्यंत मळून काळं आणि पुढे बरंच उजळ. त्याचंही शास्त्र आहे. दात काढायला आलेले लोक दोन प्रकरणं वाचतात, दात भरायला आलेले तीन, आणि रूट कॅनॉलवाले चार खेपांत पुस्तक संपवतात, म्हणजे माझा खरा वाचकवर्ग तोच. एक निवृत्त शिक्षिका तर सगळे दात शाबूत असताना दर शुक्रवारी तपासणीला येतात आणि पान दुमडून जातात. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! मी तिथल्या तिथे ठरवलं. जो हसला त्याने किंमत द्यायची. दात कोरून पोट भरत नाही हे मान्य, पण दात कोरता कोरता माझं पुस्तक वाचणाऱ्याने निदान विकत घेऊन वाचावं.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की मी तीस प्रतींची पिशवी घेऊन त्या बाकावर. मागायला लाज वाटते हो, काका. पहिल्यांदा तर मी इतकं आडवळणाने बोलले की त्या गृहस्थांना वाटलं मी त्यांच्या दातांची चौकशी करतेय, त्यांनी जबडा उघडून दाखवला. मग पदर खोचून स्पष्टच मागायला लागले. कापूस धरलेल्या एकाने प्रत्येक वाक्याला मान हलवली म्हणून मी आनंदाने त्याच्या नावे दोन प्रती लिहून घेतल्या. कापूस निघाल्यावर कळलं की तो सगळा वेळ नको नको म्हणत होता. एकाने निम्मंच वाचलंय म्हणून निम्मी किंमत देऊ केली. एक कंत्राटदार म्हणाले, तुमच्या भावाला आत्ताच भरपूर दिलेत, घरच्या घरात वाटून घ्या. आणि त्या रुमालवाल्या बाईंनी तर उलटा दावा लावला: हसण्याने त्यांच्या हिरडीचा टाका उसवला होता, त्याची भरपाई कोण देणार? कौतुकात मात्र कुणी हात आखडता घेतला नाही. कौतुक इतकं मिळालं की पिशवी जशीच्या तशी जड घरी यायची.

शेवटी मी ब्लेड आणलं. सेहेचाळीस पानं दोरीला ठेवली आणि पुढचं पुस्तक कापून घरी नेलं. जन्म दिलेल्या पुस्तकावर ब्लेड चालवताना हात कापला (थरथरला नव्हे, खरंच बोट कापलं), पण चालवलं. मग जी रड सुरू झाली ती दाताच्या दवाखान्यातसुद्धा कधी ऐकली नसेल. रूट कॅनॉलवाले तर हवालदिल! निम्म्यांनी पाकीट काढून प्रत घेतली, पण उरलेले पुढे काय होतं, हे आत जाऊन दादाला विचारायला लागले. आणि काका, तेव्हा उघडकीला आलं की सख्ख्या भावाने पुस्तक वाचलेलंच नाही. कबूल करायचं सोडून त्याने स्वतःचाच शेवट रचला आणि ज्यांच्या तोंडात यंत्र चालू आहे त्यांना सांगायला सुरुवात केली. त्यांना हरकत घेता येईना. बाहेर आल्यावर दोघांनी मला सांगितलं की शेवट फार सुरेख जमलाय.

मग आमची जुंपली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण किती दिवस गप्प बसायचं? तो म्हणाला, पेशंट दात दाखवायला येतात, तू त्यांना खिसे दाखवायला लावतेस. मी म्हटलं, तू दात फुकट काढतोस का? तो म्हणाला, मी आधी भूल देतो. मी म्हटलं, मीही तेच करते, फक्त सुईशिवाय. तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, तुझ्या दाढेचे किती झाले सांगू? पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी तिथेच पर्स उघडली आणि दाढेचे पैसे चुकते केले. ते अकरा पुस्तकांच्या किमतीएवढे निघाले. त्याचा चेहरा पडला. निमूटपणे त्याने एक प्रत विकत घेतली आणि दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वाचायला बसला. त्या दिवशी पेशंट दीड तास खोळंबले, त्यामुळे आणखी चार प्रती खपल्या.

तर आज घटकेला एकशे दहा गेल्या, एकशे चाळीस उरल्या, आणि मांजरीला एक मजला खाली यावं लागलं आहे. वर्ष संपायला अजून अडीच महिने आहेत. मी मागे हटणार नाही. भाची, पुतणे, साहेब, शेजारी, सगळ्यांना एकच भाव. म्हणून तुम्हालाही प्रत पाठवता येत नाही. राग मानू नये, तब्येतीला जपावं, मीठ एकदाच घालावं.

तुमची हट्टी पुतणी

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण प्रत न पाठवण्याचं कारण ते नाही. वर्षभर मी तुम्हाला घाबरून होते. पुस्तकात ट्रकच्या वजनकाट्यावरचा एक माणूस आहे. जादा वजन आपल्या झोपलेल्या मेहुण्याचं आहे असं ड्रायव्हर सांगतो, तेव्हा तो मेहुण्याला उठवून वेगळा तोलतो. त्या माणसाची तीन प्रकरणं मी लिहिलेली नाहीत. मी वसतिगृहात रडत बसायची तेव्हा तुम्ही काट्यावरच्या नोकरीतून दर आठवड्याला पत्र लिहायचात, त्यातून शब्द न् शब्द उचलली आहेत. तुम्हाला विचारलं नाही. चोरी केली, काका.

ता. क. २. त्या निवृत्त शिक्षिकांनी घासाघीस न करता पुस्तक घेतलं. पैसे देताना म्हणाल्या, हे त्या काट्यावरच्या माणसाचे, बाकीचं तुमचं लेखन बरं आहे. मला तीन रात्री झोप लागली नाही. सहाशे लोकांकडे हक्काने हात पसरला आणि ज्याचं देणं होतं त्याला प्रतसुद्धा पाठवली नाही. सोबत तुमची प्रत आहे आणि पाकिटात आतापर्यंतचा तुमचा वाटा.

ता. क. ३. काकू गेल्यापासून तुम्ही तीन ओळींची कार्डं लिहिता. मला ती पुरत नाहीत. पुस्तकासाठी नव्हे, मलाच पुरत नाहीत. पूर्वीसारखं चार पानी पत्र लिहा, काट्यावरचं नसेल तर चुलीवरचं लिहा. पुढच्या पत्राचे पैसेही पाकिटात आगाऊ ठेवले आहेत. ते परत पाठवू नका. घरच्या माणसाकडून कसले पैसे घ्यायचे, हे वाक्य मी त्या बाकावर परक्यांकडूनसुद्धा चाळीस वेळा ऐकलंय. तुम्ही लिहून पाठवलंत तर तेही छापीन, आणि त्याचे वेगळे पाठवीन.